वरच्या बाई आणि एकशेदहा किलो

बांधकामावर त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. नाव होतं, हजेरीच्या यादीत ते नीट लिहिलेलंही होतं, पण सगळ्यांच्या तोंडी 'वरच्या बाई' बसलं ते बसलंच. साठ मीटर उंचीवर क्रेनची काचेची केबिन, न्हाणीघरापेक्षाही लहान, आणि तिच्यात सकाळी सातपासून चार वाजेपर्यंत बसलेल्या बाई. खालच्यांना त्यांचा चेहरा दिसत नसे, दिसे तो फक्त क्रेनचा हुक. बाईंचा हुक म्हणजे बाईंचा हात, असंच माल बांधणारे लोक धरून चालत. दोन टनांची लोखंडी तुळई त्या इतक्या अलगद खाली टेकवत, की जणू झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं.

सतरा वर्षांत त्यांच्या हुकावरून एक बोल्टसुद्धा खाली पडला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत, आणि महिन्यातून एकदा तरी सांगतच. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर त्याचं त्यांना सोयरसुतक नसे.

वर जायला शिडीच्या दोनशे पायऱ्या होत्या. चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. म्हणजे दुपारी जेवायला खाली यायचं तर जेवण धरून तासभर क्रेन बंद, आणि क्रेन बंद म्हणजे खालची चाळीस माणसं हातावर हात धरून बसलेली. बांधकामाच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ही कल्पनाच सोसत नसे. बाईंना त्यांनी कधी खाली येऊ नका असं म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नाही. पहिल्याच वर्षी कोणीतरी केबिनपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडला, दोराला बादली बांधली, बादलीत डबा ठेवला आणि बाईंनी तो ओढून घेतला. युक्ती सगळ्यांना फार आवडली, बाईंनाही.

पण बादलीतून नुसता डबा जाण्याचे दिवस फार टिकले नाहीत. ज्याचं काम बाईंनी आधी उरकून दिलं तो बादलीत बिस्किटांचा पुडा टाकी. वेल्डरची बायको केक भाजायची, त्याचा मोठा तुकडा ठरलेला. कोणाला मूल झालं, कोणाची बढती झाली, की वर मिठाई. माल बांधणारे दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा, त्यांना सगळे जोडी म्हणत. त्यातला धाकटा रोज तळलेल्या बटाट्याची पिशवी न चुकता पाठवी. त्या बांधकामावरची माणसं तोंडाने कौतुक करत नसत, बादलीत काहीतरी टाकत. आणि आलेलं परत पाठवणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

पाण्याचं मात्र वेगळं होतं. संडास खाली होता, वर नव्हता. पुरुष चालक बाटलीवर भागवतात म्हणे, बाईंनी तो मार्ग पहिल्याच दिवशी बाद केला. म्हणून सकाळी सातपासून त्या पाण्याला शिवतच नसत. घसा फारच कोरडा पडला तर गोड पेयाचे दोन घोट, आणि त्यावर एक बिस्किट. बिस्किटाने तहान भागत नाही हे त्यांना कळत होतं, पण हात आणि तोंड गुंतून राहायचे. संध्याकाळी घरी आल्या की त्या तांब्याभर पाणी पीत, आणि रात्री घरचं आवरून जेवायला बसल्या की दिवसभराची भूक एकाच बैठकीत भागवत.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. कंपनी दरवर्षी गणवेशाचं करडं कापड देई आणि बाईंचा गणवेश तो स्वतः शिवी. गणवेशाच्या कॉलरमागे मापाची चिठ्ठी असे, 'मध्यम'. सतरा वर्षं तीच. आरशात दिसतं ते माणूस पाहतोच असं नाही. अंगाने आपण भरलो आहोत हे बाईंना ठाऊक होतं, पण गणवेश होतोय ना, मग फार काही बिघडलेलं नाही, असा त्यांचा पक्का समज होता. थोरली बहीणही तशीच होती. आपल्या घरातली हाडंच जाड, असं दोघी एकमेकींना सांगत आणि विषय तिथेच संपे.

त्या वर्षी नियम बदलला. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाची दवाखान्यात तपासणी, आणि तपासणीत काटा. बाई काट्यावर उभ्या राहिल्या. सिस्टरने आकडा वाचला, एकशे एकोणीस. मग तिने भिंतीवरचा कागद दाखवला. केबिनमध्ये कोणी बेशुद्ध पडलं तर त्याला ज्या दोराने आणि ज्या झोळीतून खाली उतरवायचं, तो सगळा सरंजाम एकशेदहा किलोंपर्यंतच चालतो. त्यावरच्या माणसाने वर चढायचं नाही. दहा आठवड्यांनी पुन्हा वजन होईल, तोवर खास परवानगी. तेव्हाही जास्त भरलं तर काम जमिनीवर.

जमिनीवर म्हणजे हातात वॉकीटॉकी घेऊन वरच्याला डावीकडे, उजवीकडे, थोडं खाली असं सांगत उभं राहायचं. एकदा मोडलेला पाय जुळून आला होता, पण शिडी चढवत नव्हती, तेव्हा बाईंनी ते महिनाभर केलं होतं. दुसऱ्याच्या हातात आपला हुक बघताना त्यांचा जीव तीळतीळ तुटला होता. त्या दवाखान्यातून बाहेर पडल्या त्या रागानेच. सतरा वर्षांत बोल्ट पडला नाही, आणि यांना दोराची काळजी. त्या दिवशी बादलीतून आलेलं सगळं त्यांनी मुद्दाम संपवलं.

हा राग आठवडाभर टिकला असता, कदाचित जन्मभरही. पण चारच दिवसांनी बचावाचा सराव होता. दर सहा महिन्यांनी होई. ऐंशी किलो वाळू भरलेलं पोतं केबिनमध्ये ठेवायचं, त्याला माणूस समजायचं आणि झोळीत घालून शिडीच्या पिंजऱ्यातून खाली आणायचं. हे काम जोडीचं. आधीच्या सरावांना बाई खाली चहा पीत बसत. या वेळी त्या वरच्या फळीवर उभ्या राहून बघत होत्या.

पोतं तिसऱ्या टप्प्यावर अडकलं. थोरल्याने वरून ताण धरला, धाकटा खाली उतरून पोतं सोडवायला गेला. अकरा मिनिटं थोरला तो भार नुसता धरून उभा होता. हातावरचा ताण कमी करायला दोर पकडून ठेवणारा खटका होता, पण शिडीच्या त्या कोपऱ्यात तो बसत नाही हे त्या दिवशीच कळलं. पोतं जमिनीला लागलं तेव्हा थोरल्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. तो हात खिशात घालून उभा राहिला. बाईंनी ते हात बाहेर काढायला लावले आणि पाहिले.

"मी यापेक्षा चाळीस किलोंनी जास्त आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काय पोतं आहात?" थोरला हसत म्हणाला. "तुम्ही शिडीला धराल, आम्हाला हात द्याल."

"बेशुद्ध माणूस हात देत नाही."

बाईंचा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा चिवट होतं. केबिन सोडायची नाही. आणि आपल्यापायी या दोघांपैकी कोणी खाली कोसळेल अशा अंगाने केबिनमध्ये बसायचंही नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर एकच वाट होती.

बाईंनी कंबर कसली, पण आधी चुकीच्या बाजूने. त्यांनी खाणंच बंद केलं. बादली रिकामी परत जाऊ लागली, डबाही तसाच. मनाशी त्यांचं गणित सरळ होतं, खाऊन वाढलं तर न खाता उतरेल. तीन दिवस पोटात कावळे ओरडत राहिले आणि बाई दात-ओठ खाऊन बसल्या. चौथ्या दिवशी दुपारी काचेची एक मोठी चौकट हुकावर होती, खाली आठ माणसं होती, आणि बाईंचे हात थरथरू लागले. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. त्यांनी चौकट होती तिथून जवळच्या मोकळ्या जागेवर टेकवली, क्रेन थांबवली आणि वॉकीटॉकीवर पाच मिनिटं द्या एवढंच सांगितलं. सतरा वर्षांत त्या पहिल्यांदा घाबरल्या होत्या. संध्याकाळी त्या घरी न जाता थेट दवाखान्यात गेल्या.

सिस्टर चाळिशीची, बारीक, कोणाच्याही बोलण्याला न बधणारी बाई होती. तिने आधी खायला दिलं आणि मग कपाटातून चार पानी कागद काढला. त्यात प्रश्नच प्रश्न होते. किती तास झोपता, किती वाजता उठता, कामावर किती वेळ बसून असता, पाणी किती पिता, दिवसातलं मोठं जेवण कधी, घरी कोण रांधतं, मनाला त्रास झाला की काय करता, आई कशी होती, वडील कसे होते, बाळंतपणं किती, कुठली औषधं चालू आहेत, घराजवळ चालायला जागा आहे का. बाईंना हे सगळं जरा आगाऊपणाचं वाटलं. त्या म्हणाल्या की मला वाटलं तुम्ही खाण्याबद्दल विचाराल.

"खाणं त्यातलं एक," सिस्टर म्हणाली. "लोक तेवढंच धरून बसतात आणि मग स्वतःला शिव्या देतात."

बाईंनी खरंखुरं लिहायचं ठरवलं. लिहिता लिहिता त्यांचंच त्यांना नवल वाटू लागलं. झोप पाच तास, कारण घरचं आवरून झोपायला अकरा आणि उठायला चार. बसणं नऊ तास. पाणी संध्याकाळपर्यंत शून्य. मोठं जेवण रात्री, झोपायच्या तासभर आधी. बाळंतपणं दोन, आणि दोन्हींनंतर चढलेलं उतरलं नाही ते नाहीच. वय पंचेचाळीस. आई जाड, बहीण जाड. रक्त तपासलं तेव्हा कुठली तरी ग्रंथी बिघडली असेल, म्हणजे दोष तिच्यावर ढकलता येईल, अशी बाईंना आतून फार आशा होती. ग्रंथी ठणठणीत निघाली, आणि बाईंचा चेहरा पडला.

सिस्टरने पेन घेतलं आणि काही उत्तरांवर काट मारली. आई-वडील बदलता येत नाहीत, वय मागे नेता येत नाही, झालेली बाळंतपणं परत करता येत नाहीत. तेव्हा त्यावर डोकं शिणवायचं नाही. उरलं त्यातलं काय हातात आहे ते बाईंनीच सांगायचं. बाईंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग त्या म्हणाल्या की बादली बंद करता येईल, झोप वाढवता येईल. आणि दुपारी खाली आलं तर पाणी पिता येईल, वेळेवर जेवता येईल, दोनशे पायऱ्या चढणं-उतरणंही आणखी एकदा होईल. पण खाली येणं माझ्या हातात कुठे आहे, ते साहेबांच्या हातात.

"साहेबांनी तुम्हाला कधी अडवलंय?" सिस्टरने विचारलं.

बाईंना आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

घरी त्यांनी नवऱ्यालाही तो कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि शिलाईयंत्रापाशी जाऊन बसला, काही न शिवता. मग म्हणाला, यात एक प्रश्न राहिलाय. बाईंनी विचारलं, कुठला. तेव्हा त्याने खणातून एक पत्र्याची डबी काढली. डबीत मापाच्या चिठ्ठ्या होत्या, सगळ्या 'मध्यम' लिहिलेल्या. दरवर्षी गणवेश बेतताना तो माप इंच-दोन इंच वाढवी आणि कॉलरमागे तीच चिठ्ठी शिवी.

"तुला वाईट वाटू नये म्हणून," तो म्हणाला. "दुसरं काही नाही गं."

"अहो, मला वाटायचं गणवेश होतोय."

"होतच होता. मी होऊ देत होतो."

दुसरी कोणी असती तर रागावली असती, आणि बाईही रागावल्याच, पण राग पुरता चढायच्या आत त्यांना हसू आलं. सगळं जग त्यांना जीव लावत होतं आणि तो जीव त्यांच्या अंगाला लागत होता. बांधकामावरचे बादलीतून, हा कात्रीने. त्यांनी नवऱ्याला बजावून सांगितलं की आजपासून एक दोराही वाढवायचा नाही, गणवेशाचं जाकीट कुठे दाटतंय ते मला दिवसभर कळलं पाहिजे. आणि रात्रीचं जेवण सातला, भांडी त्याने घासायची, झोप नऊला. नवऱ्याने सगळ्याला मान डोलावली. भांड्यांच्या वेळी ती जरा हळू डोलली, एवढंच.

साहेबांशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, शिडीच्या पायथ्याशी. बाईंनी सांगितलं की आजपासून मी बाराला खाली येणार आणि एकला परत वर जाणार. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कामाच्या तक्त्याकडे. रोज तासभर क्रेन थांबली तर इमारतीचं छत दोन आठवडे लांबेल, असं त्यांचं म्हणणं. बाईंच्या मनात बरंच काही होतं, हक्काची सुट्टी, सतरा वर्षं, बोल्ट. त्यातलं काही त्या बोलल्या नाहीत.

"साहेब, मी विचारत नाहीये. सांगतेय."

आणि त्या चढू लागल्या. बाराला त्यांनी हुक मोकळा केला, क्रेन बंद केली आणि शिडीवर पाय ठेवला. खाली चाळीस माणसं माना वर करून बघत होती. गुडघे कुरकुरत होते, दर टप्प्यावर थांबावं लागत होतं, जमिनीला पाय लागेपर्यंत बावीस मिनिटं गेली होती. साहेब हाताची घडी घालून उभे होते. बाई त्यांच्या समोरून आधी संडासाकडे गेल्या, मग नळाकडे, मग जेवायच्या मेजाकडे. जेवायला जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली, तीही त्यांना फार वाटली.

सगळ्यात कठीण गेलं ते बादलीचं. धाकटा भाऊ बटाट्याची पिशवी घेऊन आला आणि बाईंनी ती घेतली नाही, तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. आमचं काही चुकलं का, असं त्याने विचारलं. बाईंनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं की काही द्यायचंच असेल तर रोज माझ्यासोबत जेव, मला वर एकटीने खायची सवय लागलीय. तो बसला. दुसऱ्या दिवशी थोरलाही आला, मग वेल्डर. आजवर क्रेन चालूच असल्याने सगळे आळीपाळीने, उभ्या उभ्या खात असत. आता क्रेनच थांबते म्हटल्यावर सगळ्यांची जेवणं एका वेळेला येऊ लागली. पंधरा दिवसांनी साहेबांच्या तक्त्यात असं निघालं की छत दोन आठवडे नव्हे, दोन दिवस लांबणार. साहेबांनी हे कोणालाही सांगितलं नाही. तक्ता भिंतीवर होता, बाईंनी जाता-येता वाचला.

वजन उतरू लागलं, पण मनाजोगतं नव्हे. पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो गेले, तेव्हा बाईंना वाटलं गड जिंकला. पुढे दोन आठवडे काटा एकशेपंधरावर जो रुतून बसला तो हलेना. त्या दिवसांत त्यांचा स्वभाव असा झाला होता की नवरा दुकानातून आत यायच्या आधी खोकून यायचा. बहिणीने निरोप पाठवला की उगाच जिवाचे हाल करू नकोस, आपली हाडंच तशी. बाईंनी उलट निरोप दिला की हाडं माझी राहू देत, हाडांवरचं मी बघते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी हात आपोआप गोडाकडे जातो, हे त्यांनी स्वतःवरच पाहिलं होतं. म्हणून घरी कोणी आलं-गेलं तरी त्या नऊला उठून झोपायला जात, आणि लोक नावं ठेवत. ठेवू देत.

दहावा आठवडा संपला त्या दिवशी दवाखान्यात साहेबही आले. त्यांचं कारण उघड होतं. सोमवारी गच्चीवर बसवायचं मोठं यंत्र येणार होतं, बांधकामावरचा सर्वांत अवघड भार, आणि ते बाईंशिवाय कोणी उचलावं असं खुद्द साहेबांनाही वाटत नव्हतं. बाईंनी बूट काढले, जाकीट काढलं, काट्यावर उभ्या राहिल्या. एकशे अकरा किलो चारशे ग्रॅम.

साहेबच मग सिस्टरला म्हणाले की अंगावर कपडे आहेत, सकाळचं खाणं आहे, दीड किलो इकडचं तिकडे व्हायचंच. एकशेदहा लिहिलं तर आभाळ कोसळत नाही. सिस्टरने पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं. साडेसात किलो या बाईने कसे उतरवलेत हे तिला आठवड्या-आठवड्याने माहीत होतं, आणि नियमाने चालणाऱ्या त्या सिस्टरच्याही मनात त्या क्षणी एकशेदहा लिहावं असंच होतं.

बाईंच्या मनात काय नव्हतं? केबिन होती, सोमवारचं यंत्र होतं, दहा आठवड्यांचे हाल होते. डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना लाजही वाटली नाही.

"आहे तेवढं लिहा," त्या म्हणाल्या. "कागदावरचं वजन त्या जोडीला उचलायचं नाहीये. माझं उचलायचंय."

सिस्टरने एकशे अकरा चारशे लिहिलं आणि खाली आणखी तीन आठवड्यांची तारीख घातली.

तीन आठवड्यांनी बाई एकशेनऊ भरल्या आणि परत वर गेल्या, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण सांगण्यासारखं आहे ते त्या तीन आठवड्यांतल्या पहिल्याच दिवसाचं.

सोमवारी बदली चालक आला. तिशीचा, काटकुळा, हाताने चांगला, बोलण्यात जरा घाईचा. बाई वॉकीटॉकी घेऊन जमिनीवर उभ्या होत्या. दुसऱ्याच्या हातातला हुक बघून जीव तुटायचा तो याही वेळी तुटलाच, पण त्यांनी त्याला यंत्राची एक एक हालचाल नीट सांगितली आणि यंत्र गच्चीवर अलगद बसलं. साहेबांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी लगेच पुढच्या मालाच्या गाड्या आत घ्यायला सांगितल्या. तेवढ्यात बारा वाजले.

वॉकीटॉकीवर चालकाचा आवाज आला की मला भूक नाही, फेऱ्या चालू ठेवू या, काहीतरी खायचं वर पाठवा म्हणजे झालं. साहेबांना हे ऐकून फार बरं वाटलं. तळहातांवर अजून वण असलेला थोरला सवयीनेच उठला, कोणाकडून तरी बिस्किटांचा पुडा घेतला आणि केबिनच्या दोराकडे निघाला. बाईंनी त्याच्या हातातून पुडा काढून घेतला.

"हुक मोकळा कर आणि खाली ये," त्या वॉकीटॉकीत म्हणाल्या. "इथे बाराला क्रेन थांबते."

साहेब जवळ आले. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. बाईंचं एक वेळ ठीक, दवाखान्याची भानगड होती. पण हा माणूस स्वतः वर थांबतो म्हणतोय, भरभर काम उरकतोय, आणि अंगाने तर नुसता काडी आहे.

"त्याला कशाला उतरवताय बाई? बासष्ट किलोचा आहे तो," साहेब म्हणाले.

"मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा मीही बासष्टच होते," बाई म्हणाल्या.

वर केबिनचं दार उघडलं होतं आणि शिडीवर पाय दिसू लागले होते. बाईंनी मेजावर त्याच्यासाठी जागा केली आणि पाण्याचा पेला भरून ठेवला.